ऊन आहे, जागा आहे, जोडणी कुठे?

उत्तर लंडनमधल्या एजवेअरला नॉर्दर्न लाइन संपते. 1924 साली ती इथवर आली आणि शेतामळ्यांचे एजवेअर बघता बघता उपनगर झाले. गावातून जाणारा ए-5 रस्ता मूळचा रोमनांचा. तो दक्षिणेला धरून क्रिकलवुडच्या आसपास वळले की डॉलिस हिल लेनवरचे महाराष्ट्र मंडळ लागते. उत्तरेला धरला तर तीन-चार मैलांत एल्स्ट्री येते, घरे विरळ होतात आणि लंडनभोवती बांधकामापासून राखलेल्या ग्रीन बेल्टची कुरणे सुरू होतात. लंडनच्या मराठी कुटुंबांना हा भाग अनोळखी नाही. जन्माष्टमीला हजारोंची रीघ लागते ते भक्तिवेदान्त मॅनर इथेच, हिलफील्ड लेनच्या परिसरात आहे. या कुरणांवरून उच्चदाबाचे मनोरे रांगेने गेलेले दिसतात. त्यांच्या तारा जिथे उतरतात ते एल्स्ट्रीचे 400 केव्ही उपकेंद्र.

लंडनला वीज पोचवणाऱ्या मोठ्या उपकेंद्रांत याची गणना होते. इथून सेंट जॉन्स वुडपर्यंत 20 किलोमीटरचा बोगदा खणून त्यातून 400 केव्हीची केबल नेलेली आहे आणि ती 2005 पासून चालू आहे. उपनगरांतल्या ज्या लोकांच्या पायाखालून ती जाते त्यांतल्या बहुतेकांना तिचा पत्ताही नसेल.

या उपकेंद्राच्या भरवशावर एन्सो ग्रीन होल्डिंग्ज या कंपनीने आल्डनमच्या शेतांत, बटरफ्लाय लेन आणि हिलफील्ड लेनच्या बाजूला, 49.9 मेगावॅटचा सौर प्रकल्प मांडला होता. दोनशे एकरांहून जास्त जमीन, सोबत बॅटऱ्या आणि उपकेंद्र हाकेच्या अंतरावर. इंग्लंडच्या उन्हात एवढ्या प्रकल्पातून वर्षाकाठी साधारण पंधरा-सतरा हजार घरांना पुरेल इतकी वीज निघते. हर्ट्समीअर बरो कौन्सिलने 2021 च्या अखेरीस परवानगी नाकारली. कंपनी अपिलात गेली, रीतसर सुनावणी झाली आणि मे 2023 मध्ये अपीलही फेटाळले गेले. ग्रीन बेल्टचा मोकळेपणा जातो आणि हिलफील्ड कॅसलसारख्या जुन्या वास्तूंच्या परिसराला बाधा येते, हे नुकसान विजेच्या फायद्याहून जड ठरले.

या प्रकरणात वीजतज्ज्ञाच्या डोळ्यांत भरतो तो कंपनीचा बचाव. तिने ही जागा उन्हासाठी निवडलेली नव्हती. केंट किंवा डेव्हनमध्ये ऊन याहून चांगले पडते आणि जमीनही स्वस्त मिळते. पण तिथे वीज घ्यायला जागा असलेले उपकेंद्र मिळेलच याची खात्री नाही. एल्स्ट्रीला तशी जागा होती. म्हणजे आधी उपकेंद्र सापडले आणि मग त्याच्या भोवतीचे शेत. ब्रिटनमध्ये आज मोठा सौर प्रकल्प असाच जन्माला येतो. सरकारचे राष्ट्रीय धोरणपत्रसुद्धा जागानिवडीच्या कारणांत ग्रिडजोडणीला मोठे वजन देते. आणि 49.9 हा विचित्र आकडा का? तर 50 मेगावॅटच्या वर गेले की प्रकल्प ‘राष्ट्रीय महत्त्वाचा’ ठरून मंत्र्याच्या टेबलावर जात असे, लांब आणि खर्चिक प्रक्रिया मागे लागत असे. त्यामुळे देशभर 49.9 चे पीक आले. 2025 च्या शेवटच्या दिवसापासून ही मर्यादा 100 मेगावॅट झाली आहे, आता 99.9 चे पीक येईल असे म्हणायला ज्योतिषी लागत नाही.

जोडणी म्हणजे नेमके काय, हे जरा जवळून पाहायला हवे. कारण वर्तमानपत्री बातम्यांत सगळा प्रकाश पॅनेलवर असतो. मोठ्या प्रकल्पात पॅनेलच्या माळांतून 1,500 व्होल्टपर्यंतची एकदिश वीज निघते. इन्व्हर्टर ती प्रत्यावर्ती करतो, पण त्याच्या तोंडाशी दाब काही शे व्होल्टचाच असतो. मग शेतात ठिकठिकाणी ठेवलेले ट्रान्सफॉर्मर तो 33 केव्हीपर्यंत चढवतात, जमिनीखालच्या केबली सगळी वीज एका कोपऱ्यात गोळा करतात आणि प्रकल्प मोठा असेल तर तिथे आणखी एक ट्रान्सफॉर्मर तिला 132 किंवा थेट 400 केव्हीवर नेतो. इथपर्यंतचे काम वर्ष-दीड वर्षात उरकते. खरी गाठ पुढे पडते, ग्रिडच्या उपकेंद्राच्या कुंपणाशी.

कुंपणाच्या आत प्रकल्पाला एक ‘बे’ लागतो. बे म्हणजे त्या एका जोडणीसाठी राखलेला पट्टा: आयसोलेटर, सर्किट ब्रेकर, करंट आणि व्होल्टेज मोजणारे ट्रान्सफॉर्मर, संरक्षणाचे रिले, मीटर. उपकेंद्र जुने असेल तर मोकळा बे नसतो, शेजारची जमीन घेऊन आवार वाढवावे लागते. काम करताना बसबारचा काही भाग बंद ठेवावा लागतो आणि ती बंदची मुदत फार आधी ठरवून घ्यावी लागते. लंडनला वीज नेणारे उपकेंद्र कुणाच्या सोयीने बंद ठेवता येत नाही. त्यात भर पडते शॉर्टसर्किटच्या हिशेबाची. दोष उद्भवला तर ब्रेकरला किती करंट तोडावा लागेल याची मर्यादा असते आणि मोठ्या शहरांतल्या जाळ्यांत ती आधीच काठोकाठ आलेली असते. खेड्यात उलटा प्रकार. तिथले 33 केव्हीचे जाळे वीज खाली, गावाकडे जाईल असे गृहीत धरून बांधलेले. दुपारी गावात मागणी नाही आणि सौर प्रकल्प जोरात चालू, म्हणजे वीज उलटी वर चढू लागते. व्होल्टेज वाढते आणि ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलणारी जुनी यंत्रणा गोंधळते.

हे सगळे पार पडले तरी बटण दाबून वीज सुरू होत नाही. मोठ्या प्रकल्पाला एकामागून एक तीन दाखले मिळवावे लागतात. पहिल्याने प्रकल्पाच्या सामग्रीत ग्रिडची वीज येते, दुसऱ्याने तात्पुरती निर्मिती करता येते आणि व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी, रिअॅक्टिव्ह पॉवर यांच्या चाचण्या झाल्यावर तिसरा, अंतिम दाखला मिळतो. ग्रिड कोडची ही भाषा रुक्ष आहे. पण ती का लिहिली गेली हे दोन-तीन दुपारींच्या हकिकती सांगतात.

16 ऑगस्ट 2016 रोजी कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाचा वणवा लागला. धुरामुळे उच्चदाब वाहिन्यांवर दोष येत राहिले आणि त्यातल्या एका क्षणी सुमारे 1,200 मेगावॅट सौरवीज एकाएकी गायब झाली. प्रकल्पांना वणव्याची झळ लागली नव्हती. दोषामुळे व्होल्टेजची लाट क्षणभर वेडीवाकडी झाली, काही इन्व्हर्टरांनी त्या वेड्यावाकड्या तुकड्यावरून फ्रीक्वेन्सी मोजली, ती भलतीच कमी भरली आणि त्यांनी स्वतःला बंद केले. ग्रिडची फ्रीक्वेन्सी ठीक होती. चूक मोजणीची होती. तेव्हापासून इन्व्हर्टरने धक्का सोसून जागेवर राहावे, पळ काढू नये, हा आग्रह जगभर कडक झाला.

दुसरी हकिकत एल्स्ट्री ज्या हर्टफर्डशर परगण्यात आहे तिथली. 9 ऑगस्ट 2019, शुक्रवार, दुपारी 4 वाजून 52 मिनिटे. ईटन सोकन ते वायमंडली या वाहिनीवर वीज कोसळली. अशी घटना ग्रिडला नवी नाही, काही क्षणांत दोष दूर झाला. पण तेवढ्यात लिटल बारफर्डचे वायू वीजकेंद्र आणि उत्तर समुद्रातले हॉर्नसी पवनकेंद्र मागोमाग बाहेर पडले. शिवाय देशभर विखुरलेले लहान सौर आणि इतर प्रकल्प, जुन्या अतिसंवेदनशील रिलेंमुळे, शेकडो मेगावॅटनी आपोआप बंद झाले. फ्रीक्वेन्सी 48.8 हर्ट्झवर आली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज तोडावी लागली. एल्स्ट्री आणि बोरमवुड स्टेशनवरून धावणाऱ्या थेम्सलिंकच्या नव्या गाड्या फ्रीक्वेन्सी घसरताच जागच्या जागी थांबल्या आणि त्यांतल्या कित्येक तंत्रज्ञ येईपर्यंत हलल्या नाहीत. शुक्रवारची संध्याकाळ, किंग्ज क्रॉसला माणसांचा पूर. लहान प्रकल्पांचे रिले बदलण्याची मोहीम आधीच ठरलेली होती. त्यानंतर तिला वेग आला.

तिसरी हकिकत ताजी आहे. 28 एप्रिल 2025 रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल पूर्ण अंधारात गेले. स्पेनमध्ये त्या वेळी सौरवीज भरपूर होती, त्यामुळे पहिल्या तासापासून सौरऊर्जेकडे बोटे दाखवली गेली. युरोपीय तज्ज्ञांच्या तपासात जे पुढे आले ते अधिक बारीक होते: व्होल्टेज वाढत गेले, ते वाढल्यामुळे प्रकल्प बंद पडले, ते बंद पडल्यामुळे व्होल्टेज आणखी वाढले. स्पेनच्या नियमांनी सौर आणि पवन प्रकल्पांना ठरावीक पॉवर फॅक्टर धरून बसायला सांगितले होते, व्होल्टेज सावरायचे काम जुन्या केंद्रांकडेच ठेवले होते. इन्व्हर्टरना हे काम करता येते; त्यांना ते कुणी सांगितलेच नव्हते. काही आठवड्यांत स्पेनने तो नियम बदलला. सौरऊर्जेच्या विरोधकांनी या घटनेचा जसा वापर केला तो उथळ होता. आणि ‘सौरचा काही संबंधच नाही’ हे समर्थकांचे म्हणणेही तितकेच उथळ. जोडणीचे नियम प्रकल्पांच्या मागे राहिले, हा त्यातला धडा आहे.

व्होल्टेजइतकाच प्रश्न फ्रीक्वेन्सीचा. कोळशाच्या केंद्रातला अवजड रोटर मिनिटाला 3,000 फेरे घेत असतो. मागणी-पुरवठ्याचा तोल गेला तर त्या फिरत्या वजनातली ऊर्जा पहिले काही सेकंद ग्रिडला सावरते. सौर पॅनेलमध्ये काही फिरत नाही. म्हणून ब्रिटनने इंधन न जाळता केवळ वजन फिरवत ठेवणारी यंत्रे बसवायला सुरुवात केली. लिव्हरपूलच्या लिस्टर ड्राइव्हवर, एका जुन्या कोळसा केंद्राच्या जागी, असे एक आहे. पुढची पायरी म्हणजे स्वतः लय धरून देणारे ‘ग्रिड फॉर्मिंग’ इन्व्हर्टर. बॅटरी प्रकल्पांत ते येऊ लागले आहेत.

तंत्र अवघड असले तरी सुटण्यासारखे आहे. रांगेचे दुखणे जास्त चिवट निघाले.

ब्रिटनमध्ये जोडणीचा नियम वर्षानुवर्षे साधा होता: जो आधी अर्ज करील त्याचा नंबर आधी. पारंपरिक केंद्रे दशकात चार-दोन उभी राहत तोवर तो चालला. सौर आणि बॅटरीचे अर्ज शेकड्यांनी येऊ लागले तसा तो कोसळला. अर्ज स्वस्त, नंबर मौल्यवान. जमिनीचा करार नाही, नियोजन परवानगी नाही, पैसा नाही, तरी नंबर लावून ठेवायचा. स्थळ ठरायच्या आधीच पुढच्या तीन मोसमांसाठी कार्यालय अडवून ठेवावे तसा प्रकार. काही जण तो नंबरच विकत. रांग 700 गिगावॅटच्या पुढे गेली, देशाला 2030 पर्यंत लागणार होते त्याच्या चौपटीच्या घरात. तयार प्रकल्पांना ‘या, 2036 नंतर’ अशी उत्तरे मिळू लागली. मागणीच्या बाजूचीही तीच गत: 2022 साली पश्चिम लंडनच्या ईलिंग, हिलिंग्डन आणि हाउन्स्लो भागांत घरे बांधणाऱ्यांना 2035 पर्यंत थांबावे लागेल असे सांगितले गेले, कारण एम-4 लगतच्या डेटा सेंटरांनी क्षमता आधीच बांधून ठेवली होती.

नोव्हेंबर 2023 मध्ये सरकार आणि नियामक ऑफजेम यांनी जोडणीचा कृती आराखडा आणला. ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रिडचे संचालन नॅशनल ग्रिड कंपनीकडून काढून नेसो या सार्वजनिक मालकीच्या संस्थेकडे दिले गेले. एप्रिल 2025 मध्ये ऑफजेमने नवी पद्धत मंजूर केली: जमीन हातात आहे का, परवानगीची पावले पडली आहेत का आणि 2030 च्या स्वच्छ वीज आराखड्यात अशा प्रकल्पाची गरज आहे का, या कसोट्यांवर उतरेल त्यालाच पक्की तारीख. डिसेंबर 2025 मध्ये नेसोने फेररचनेचा निकाल जाहीर केला. निर्मिती आणि साठवणुकीचे सुमारे 283 गिगावॅट पुढे आले. कागदावरचे शेकडो गिगावॅट मागे पडले. त्यांत सर्वाधिक फटका बॅटऱ्यांना बसला. हे उशिरा झाले, पण योग्य झाले. आक्षेप एकच घ्यावासा वाटतो: कसोट्यांमध्ये मोठ्या विकासकांना कागद जमवणे सोपे जाते आणि गावाच्या सहकारी प्रकल्पाला अवघड. रांग स्वच्छ करताना लहानांना चाळणीतून गाळले जाणार नाही हे पाहणे नियामकाचे काम आहे.

रांग आवरली तरी तारा लागतातच, आणि त्यांचा वेग वेगळा. 2023 साली वीजजाळे आयुक्त निक विन्झर यांनी सरकारला सांगितले की नव्या पारेषण वाहिनीला ब्रिटनमध्ये 12 ते 14 वर्षे लागतात आणि हा काळ निम्म्यावर आणायला हवा. नॉरिच ते टिलबरी या वाहिनीला ईस्ट अँग्लियात झालेला विरोध पाहिला की निम्म्याची आशा किती हे कळते. मनोरे कुणालाच नको असतात. भूमिगत केबल सगळ्यांना हवी असते, तिचे बिल मात्र नको असते.

म्हणून विकासकांनी आडवाट शोधली: जिथे तारा आधीपासून आहेत तिथे जायचे. ब्रिटनचे शेवटचे कोळसा केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाले. केंद्रे गेली, त्यांची 400 केव्ही उपकेंद्रे राहिली. ट्रेंट नदीकाठचे कॉटम 2019 साली बंद पडले. पुढे गेट बर्टन आणि कॉटम हे दोन प्रचंड सौर प्रकल्प, 500 आणि 600 मेगावॅटचे, तिथल्याच जोडणीवर डोळा ठेवून आखले गेले आणि 2024 मध्ये मंजूरही झाले. केंटमधल्या क्लीव्ह हिलची गोष्ट याच जातीची. 373 मेगावॅटचा हा प्रकल्प 2020 साली मंजूर झाला आणि 2025 मध्ये चालू झाला, सोबत 150 मेगावॅटची बॅटरी. तिथे 400 केव्ही उपकेंद्र आधीच होते, कारण समुद्रातल्या लंडन अॅरे या पवनकेंद्राची वीज तिथे किनाऱ्याला लागते. ढगाळ वादळी दिवशी वारा आणि लख्ख दिवशी ऊन, असा त्या एका उपकेंद्राचा दुहेरी वापर होतो.

राष्ट्रीय पारेषण जाळ्याला थेट जोडलेला पहिला ब्रिटिश सौर प्रकल्प मात्र बराच लहान निघाला. ब्रिस्टलजवळच्या आयर्न अॅक्टन उपकेंद्राला 2023 मध्ये जोडलेला, 50 मेगावॅटच्या आसपासचा लार्क्स ग्रीन. उभा करणारी मंडळी एन्सो गटातलीच. म्हणजे ज्या वर्षी एल्स्ट्रीजवळ त्यांचे अपील फेटाळले गेले, त्याच वर्षी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर तशाच मापाचा प्रकल्प इतिहासात नोंदला गेला. दोन्हीकडे उपकेंद्र होते. फरक परवानगीचा होता.

यूके पॉवर नेटवर्क्स या वितरण कंपनीने केंब्रिजशरमध्ये 2012 ते 2014 दरम्यान आणखी एक वाट चोखाळून पाहिली. जाळे वाढेपर्यंत न थांबता लवकर जोडून घ्या, पण तार भरली की आम्ही सांगू तेव्हा निर्मिती कमी करा, असा सौदा. वर्षातल्या थोड्या तासांच्या नुकसानीच्या बदल्यात कित्येक वर्षांची प्रतीक्षा वाचते. अशा लवचीक जोडण्या आता देशभर दिल्या जातात.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे दिली गेली आहेत आणि दुसरे उत्तर ब्रिटनला शिकण्यासारखे आहे. पहिले उत्तर मोठ्या प्रकल्पांचे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने 2013 साली 125 मेगावॅटचा प्रकल्प उभारला. तेव्हा देशातल्या मोठ्या प्रकल्पांत तो गणला जात असे. पुढे राजस्थानातल्या भादलासारख्या 2,245 मेगावॅटच्या पार्कपुढे तो किरकोळ ठरला. पण मोठ्या पार्कांची रड सगळीकडे एकच: पॅनेल दीड वर्षात, वाहिनी त्याच्या कितीतरी नंतर. राजस्थानात त्यात माळढोक पक्ष्याचा प्रश्न आला. तारांवर आदळून माळढोक मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मोठ्या पट्ट्यातल्या वाहिन्या जमिनीखाली न्यायला सांगितल्या, 2024 मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. मधल्या काळात वाहिन्या रखडल्या त्या रखडल्याच. आता तिथले प्रकल्प भर दुपारी वीज बंद ठेवतात, कारण ती वाहून न्यायला तार अपुरी आहे. त्यावर उपाय म्हणून केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर तासांची आणि इतर तासांची जोडणी वेगळी मोजायला सुरुवात केली आहे. दिवसा सौर वापरत असलेला बे रात्री बॅटरीला किंवा वाऱ्याला मिळावा हा त्यामागचा हेतू. क्लीव्ह हिलला जे योगायोगाने जमले ते इथे नियमात बसवले जात आहे.

दुसरे उत्तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे. 2017 मध्ये राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणांपासून तिची सुरुवात झाली आणि 2023 पासून 2.0 या नावाने तिचा आवाका वाढला. हिशेब सरळ आहे. शेतीपंपांचा फीडर महावितरणच्या 33/11 केव्ही उपकेंद्रातून निघतो. त्या उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरांत काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि वीज तिथेच भरायची. दिवसा ऊन, दिवसा पंप. वीज गावाबाहेर पडायच्या आत संपते. 400 केव्हीच्या वाहिनीची गरज नाही, मनोरे नाहीत, चौदा वर्षांची वाट नाही. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाचा पुरवठा मिळतो. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 3 मेगावॅटचा प्रकल्प 2024 मध्ये चालू झाला, तो या नव्या टप्प्यातला पहिला.

दोष तिथेही आहेत. ग्रामीण फीडरवर वीज गेली की सौर इन्व्हर्टरही थांबतो, कारण मृत तारेत वीज सोडणे जिवावर बेतू शकते. म्हणजे भर उन्हात प्रकल्प उभा आणि शेत कोरडे, हे फीडर दुरुस्त नसेल तिथे घडणारच. पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा वीज वर चढते आणि 33 केव्हीच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरची परीक्षा पाहते. पण मागणी जिथे आहे तिथेच जोडायचे, हे सूत्र अचूक आहे.

मग एजवेअरने काय करायचे? इथे मागणी आहे, उपकेंद्र जवळ आहे, मोकळी जमीन मात्र ग्रीन बेल्टची. डिसेंबर 2024 मध्ये नियोजन धोरणात ग्रीन बेल्टमधल्या कमी महत्त्वाच्या जमिनीसाठी ‘ग्रे बेल्ट’ ही सवलत आली, तिच्यामुळे उद्या आल्डनमसारखा अर्ज वेगळ्या तराजूत तोलला जाऊ शकेल. तरीही एल्स्ट्रीभोवतीची कुरणे पॅनेलखाली घालण्याआधी ए-5 लगतच्या गोदामांची, सुपरमार्केटांची आणि वाहनतळांची छते भरावीत, असेच कुणीही तटस्थ माणूस म्हणेल. तिथली वीज खालच्याच इमारतीत खर्च होते. छतांनी सगळे भागणार नाही हेही खरे. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो आणि देशाची सर्वाधिक मागणी त्यानंतर येते. ती वेळ वारा, अणुवीज, वायू, बॅटऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या तारांवरच निभावते. म्हणून एल्स्ट्रीचे उपकेंद्र उद्याही लागणार आहे, कदाचित सौरपेक्षा बॅटऱ्यांसाठी जास्त.

एजवेअर-हॅरो भागात घरावर पॅनेल बसवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: इन्व्हर्टर एका फेजवर 16 अँपिअरपर्यंतचा, म्हणजे 3.68 किलोवॅटचा असेल तर आधी परवानगी लागत नाही, बसवणाऱ्याने 28 दिवसांत वितरण कंपनीला कळवले की पुरे. त्याहून मोठा हवा असेल तर आधी अर्ज. आणि गावाकडची जमीन सौर प्रकल्पासाठी भाड्याने मागायला कुणी आला, तर भाड्याचा आकडा ऐकण्याआधी त्याला विचारावे की वीज कोणत्या उपकेंद्राला, किती केव्हीवर आणि कोणत्या वर्षी जोडणार, आणि जोडणीच्या मंजुरीचे पत्र बघायला मागावे. पत्र नसेल तर सही करू नये.